प्रेमकथा आणि चहा-खारीचे खून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात राजारामपुरीत आम्हा चौदा जणींची पुस्तकभिशी आहे. महिन्याला प्रत्येकी २०० रुपये जमा करायचे, जिची चिठ्ठी निघेल तिनं त्यातून पुस्तकं आणायची आणि मग ती घरोघरी फिरवायची. वही माझ्याकडं असते, त्यामुळं प्रश्नही माझ्याकडंच येतात. फोनवर येतात, भाजी निवडताना येतात, एकदा तर अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत आला. आमच्यात दोन प्रकार सगळ्यात जास्त फिरतात, प्रेमकथा आणि हलक्याफुलक्या रहस्यकथा. त्याच त्या शंका पुन्हा पुन्हा निघतात म्हणून एकदाच लिहून ठेवते.

१. कोझी कोझी म्हणतात ते काय असतं? साध्या रहस्यकथेपेक्षा वेगळं काय त्यात?

खून होतो, पण आपल्यासमोर होत नाही. सकाळी कुणीतरी दार उघडतं आणि आत माणूस पडलेला असतो, एवढंच. रक्तामांसाची वर्णनं नाहीत, छळ नाही, शिव्या जवळजवळ नाहीत. तपास करणारी व्यक्ती सहसा पोलिसातली नसते. बेकरीवाली, ग्रंथपाल, निवृत्त मास्तरीणबाई, अशी कुणीतरी असते. जागा आटोपशीर असते, संशयित मोजके आणि सगळे एकमेकांना ओळखणारे. मधे खाणंपिणं भरपूर. आमच्या भिशीत यांना 'चहा-खारीचे खून' म्हणतात, आणि मला ते नाव 'कोझी'पेक्षा बरं वाटतं.

नाव नंतरचं असलं तरी घडण इंग्लंडातल्या दोन महायुद्धांमधल्या रहस्यकथांची आहे. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स नावाच्या पाद्री लेखकानं अशा कथांचे दहा नियम लिहिले. गुन्हेगार सुरुवातीलाच कथेत येऊन गेलेला हवा, भूतखेत चालणार नाही, चोरवाट असलीच तर एकच, तपास करणाऱ्यानं स्वतः गुन्हा करायचा नाही, त्याला सापडलेले धागेदोरे वाचकालाही दिसले पाहिजेत. थोडं गमतीतच लिहिलेत, पण आमच्या बायका आजही याच हिशोबानं भांडतात. शेवटच्या प्रकरणात अचानक जुळा भाऊ उपटला की पुस्तक माझ्या अंगावर येतं.

इंग्रज लेखिका अगाथा क्रिस्तीच्या मिस मार्पल, म्हणजे खेड्यात राहून खून उकलणाऱ्या आजीबाई, १९३० साली पहिल्यांदा कादंबरीत आल्या, आणि त्यांच्या एकूण १२ कादंबऱ्या आहेत. त्यांची पद्धत आपल्याला अजिबात परकी नाही. संशयित दिसला की त्यांना आपल्या गावातलं कुणीतरी आठवतं: हा अगदी त्या मासेवाल्याच्या पोरासारखा हसतोय, म्हणजे हाही पैसे लपवत असणार. आमच्या सहाव्या गल्लीतल्या काकू गॅलरीत शेंगा सोलत बसून नेमकं हेच करतात, फक्त त्यांच्यावर कुणी कादंबरी लिहिलेली नाही.

२. रोमान्स म्हणजे प्रेमकथाच की! मग तुम्ही दोन वेगळे कप्पे कशाला करता?

कारण एकदा तोंडावर पडले आहे.

शेजारच्या काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी थोडं थोडं वाचायला परवानगी दिली आणि त्या म्हणाल्या, "काहीतरी प्रेमाचं दे गं, जड नको." मी मोठ्या विश्वासानं एक नावाजलेली जुनी मराठी प्रेमकथा दिली. नायिका शेवटच्या दहा पानांत क्षयानं जाते हे मी साफ विसरले होते. दोन दिवसांनी काकू काळा चष्मा लावून दारात. "डॉक्टर म्हणाले डोळ्याला पाणी लावायचं नाही. तू तर आतनंच काढलंस की!"

तेव्हापासून कप्पे दोन. प्रेम आहे एवढ्यावर पुस्तक 'रोमान्स' होत नाही. अमेरिकेतल्या प्रेमकथालेखकांच्या संघटनेची व्याख्या दोन अटींची आहे: प्रेमाची गोष्ट मध्यभागी हवी, आणि शेवट समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. दुसरी अट मोडली तर पुस्तक कितीही थोर असो, ते दुसऱ्या कप्प्यात. आपल्या मराठीत ताटातूट, त्याग आणि आजारपण यांना फार मान आहे. शेवट गोड झाला की पुस्तक उथळ, असं आपण शाळेपासून धरून चाललोय. ती पुस्तकं वाईट नाहीत, मी स्वतः त्यांच्यावर वाढले. पण 'जड नको' म्हणणाऱ्या माणसाच्या हातात ती द्यायची नाहीत.

३. शेवट गोड होणार, खुनी सापडणार, हे आधीच ठाऊक असेल तर वाचायचं कशाला?

कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला आख्यान ठाऊक असतं, तरी कुणी उठून जात नाही. शेवट ठरलेला असतो म्हणून मधल्या वाटेकडं नीट लक्ष देता येतं: ही दोघं आता कशी जुळणार, या बाईला तो धागा कधी दिसणार. दिवसभर ऑफिस, सासूबाईंची औषधं आणि पोरांचे क्लास करून रात्री साडेदहाला पुस्तक उघडणाऱ्या बाईला आणखी एक अनिश्चित गोष्ट नको असते. तिला लेखकानं एक शब्द दिलेला असतो. तो पाळला जातो की नाही, एवढंच मी पुस्तक सुचवण्याआधी तपासते.

४. मी शाळेनंतर काहीच वाचलेलं नाही. सुरुवात कशानं करू?

बारीक पुस्तकानं. दोनशे पानांच्या आतलं, मोठ्या टायपातलं. रहस्यकथेत शक्यतो लघुकथांचा संग्रह घ्या, म्हणजे एका बैठकीत एक खून उरकतो. इंग्रजी जड जात असेल तर मराठीतूनच वाचा (प्रश्न ५), त्यात कमीपणा काही नाही. आणि पन्नास पानांत मन लागलं नाही तर खुशाल परत करा. माझ्या वहीत 'सोडलं, पान क्र.' असा एक रकानाच आहे, आणि पुढचं पुस्तक सुचवायला मला तोच सगळ्यात उपयोगी पडतो.

५. मराठीत कोझी आहेत का? बाबूराव अर्नाळकर चालतील?

वाचा जरूर, पण कोझी म्हणून नको. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंझार, काळा पहाड, धनंजय या त्यांच्या नायकांचा थाट वेगळा आहे: वेषांतर, पिस्तूल, पाठलाग, अंधारातली मोटार. चहा प्यायला तिथं कुणाला सवड नसते. आमच्यातल्या साठीच्या पुढच्या दोघींना मात्र तेच लागतं, कारण लहानपणी वडिलांच्या उशीखालून चोरून वाचलेलं असतं.

कोझीच्या जवळ जायचं तर सत्यजित राय यांचा फेलूदा घ्या. अशोक जैन यांनी तो मराठीत आणलाय. मुळात या कथा बंगालीत मुलांसाठीच्या मासिकात आल्या, पहिली १९६५ साली, त्यामुळं भाषा स्वच्छ आणि रक्तपात कमी. काटेकोर बघितलं तर फेलूदा व्यावसायिक गुप्तहेर आहे, म्हणून नियमात बसत नाही. आणि बायका तर त्यात शोधाव्या लागतात, यावरून आमच्यात एकदा चांगलीच जुंपली होती. तरी सातवीतल्या पोरापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना चालेल असं दुसरं नाव मला चटकन सुचत नाही.

प्रेमकथेचं म्हणाल तर आपल्या गावाला अभिमान वाटावा असा इतिहास आहे. ना. सी. फडके इथल्या राजाराम कॉलेजात शिकवायचे आणि वि. स. खांडेकर शिरोड्याहून येऊन इथंच स्थायिक झाले. एक 'कलेसाठी कला' म्हणणारे, दुसरे 'जीवनासाठी कला' म्हणणारे. गोडव्याकडं कल असेल त्यांना फडके आणि विचार करत रडायची तयारी असेल त्यांना खांडेकर, अशी माझी ढोबळ वाटणी. शेवट मात्र दोघांचेही आधी तपासून घ्या (प्रश्न २).

६. मालिकेतलं पहिलं पुस्तक मिळालं नाही. मधलं वाचलं तर चालेल?

कोझीत बहुतेक वेळा चालतं, खून त्या त्या पुस्तकातच मिटतो. तपास करणाऱ्या बाईचं खासगी आयुष्य पुढं सरकत राहतं, तेवढं मागचं कळत नाही. प्रेमकथांच्या मालिकेत मात्र पहिल्या पुस्तकात थोरल्या बहिणीचं जमतं, दुसऱ्यात धाकटीचं. दुसरं आधी वाचलं की थोरलीचं काय झालं ते पहिल्याच प्रकरणात कळतं. पण शेवट ठाऊक असूनच वाचतो ना आपण?

अपवाद एक. क्रिस्तीबाईंनी त्यांचा दुसरा गाजलेला गुप्तहेर प्वारो याचं शेवटचं पुस्तक दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून तिजोरीत ठेवलं होतं आणि ते १९७५ साली बाहेर आलं. ते खरोखर शेवटीच वाचायचं. आमच्यात एकीनं ते पहिलंच उचललं आणि आता तिला प्वारो कुठंही भेटला तरी वाईट वाटतं.

७. त्यात 'तसले' प्रसंग असतात का? सासूबाईंच्या हातात पडलं तर?

असतात, नसतात, थोडे असतात. म्हणून वहीत मी तिखटाची खूण करते. 'पांढरा': दार बंद होतं आणि पुढचं पान सकाळचं. 'कट कमी': चुंबनापर्यंत सगळं, पुढचं सूचक. 'तांबडा': नावाप्रमाणं. कव्हरवरून काही कळत नाही हे लक्षात ठेवा. हल्ली चित्रातली हसरी जोडपी, फिक्कट गुलाबी रंग आणि आत झणझणीत रस्सा, असं सर्रास असतं.

सासूबाईंची काळजी करू नका. आमच्या भिशीत 'तांबडा' सगळ्यात जास्त कोण नेतं ते मी सांगणार नाही, पण त्यांना नातवंडं आहेत.

८. पंधरा वर्षांची मुलगी मागते. द्यावं का?

'पांढरा' बिनधास्त द्या. त्यापुढचं आधी स्वतः वाचा आणि मग ठरवा. माझी हरकत तिखटाला कमी आणि वागण्याला जास्त असते. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी इंग्रजी प्रेमकथांत नायक मनगट आवळतो, ऐकून घेत नाही, आणि त्यालाच प्रेम म्हटलेलं असतं. मिल्स अँड बून ही प्रेमकथा छापणारी कंपनी १९०८ सालची, म्हणजे शंभर वर्षांत नायक बराच बदललाय, पण रद्दीच्या दुकानात मिळतो तो जुना. अशी पुस्तकं लपवण्यापेक्षा सोबत वाचून "हा असा का वागतोय गं?" एवढं विचारलं तरी पुरतं. रहस्यकथांतही जुने डाग आहेत. क्रिस्तीबाईंच्या १९३९ सालच्या एका फार गाजलेल्या कादंबरीचं मूळ नावच वर्णद्वेषी शब्दामुळं बदलावं लागलं.

९. दुसऱ्याला पुस्तक सुचवायचं तर काय विचारायचं? "तुला काय आवडतं" विचारलं की सगळे गप्प बसतात.

बसणारच. तो प्रश्न परीक्षेतला वाटतो. मी तीन गोष्टी विचारते.

एक, शेवटचं अर्धवट सोडलेलं पुस्तक कोणतं, आणि का? माणूस आवडीबद्दल लाजतो, नावडीबद्दल भरभरून बोलतो. "तिला काय झालंय तेच सांगत नव्हती ओ शंभर पानं!" असं कुणी म्हटलं की मला कळतं, गैरसमजावर चाललेली प्रेमकथा या बाईला द्यायची नाही.

दोन, वाचणार कधी? केएमटीच्या बसमध्ये उभ्यानं, दवाखान्यात रुग्णाजवळ, की रविवारी जेवण झाल्यावर? दवाखान्यात बसणाऱ्या माणसाला दर दोन पानांनी उठावं लागतं. त्याला पंधरा संशयितांची रहस्यकथा देणं म्हणजे छळ.

तीन, कोण मेलेलं चालणार नाही? हसू नका. कुणाला लहान मूल चालत नाही, कुणाला आई. आमच्यातल्या एकीनं तिचा कुत्रा गेल्यावर सांगितलं, "माणसं कितीबी मरूदेत, कुत्र्याला काय करू नका." चांगल्या कोझीत मुक्या जनावराला सहसा धक्का लागत नाही, तरी मी खात्री करून घेते.

मग नाव सांगायचं, आणि एकच सांगायचं. पाच नावं दिली की माणूस एकही वाचत नाही. आणि "तुला आवडेलच" म्हणायचं नाही. आवडलं नाही तर तिला खोटं बोलावं लागतं, मग ती दोन महिने रस्ता बदलून जाते. मी म्हणते, "बघ, नाही जमलं तर पन्नासाव्या पानावर परत आण."

कथेचा साचा विचारून घेतला तर आणखी सोपं जातं. आधी भांडण मग प्रेम, खोटा साखरपुडा, जुनी ओळख पुन्हा, मुक्कामाला खोली एकच आणि खाटही एकच, असे ठरलेले साचे असतात. इंग्रजीत 'सोयीसाठी लग्न, मग हळूहळू प्रेम' हा एक लाडका साचा आहे. मी तो समजावून सांगायला गेले तर समोरच्या वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आमचंच की! कांदेपोहे, आणि तीन वर्षांनी कुठं जरा बोलायला लागले."

१०. खुनी कोण ते सांगितलं तर एवढं काय बिघडतं?

एका वाचनालयातून आणलेल्या रहस्यकथेत तिसऱ्याच पानावर, नावापुढं, लाल पेनानं बाण काढून लिहिलं होतं: 'हाच!' पुढची २३० पानं मी त्या माणसाकडं बघत बसले. तो हसला तरी संशय, चहा ओतला तरी संशय. बरं, खुनी तो नव्हताच. लिहिणाऱ्यानं नुसता अंदाज बांधला होता. आजवर पुस्तकात कुणी केलेल्या खोड्यांमध्ये याला मी पहिला नंबर देते.

आमच्याकडं नियम साधा आहे. रहस्यकथेबद्दल पहिल्या प्रेतापर्यंतच बोलायचं. प्रेमकथेत दोघं एकत्र येतात हे सांगायला हरकत नाही, कसं येतात ते सांगायचं नाही. फक्त 'कोण मरतं' या प्रश्नाचं उत्तर, विचारलं तर, खरं द्यायचं (प्रश्न ९ मधला कुत्रा).

११. पुस्तकं मिळतात कुठं?

आधी वाचनालय. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालापासून आपल्या गावात आहे, आणि जुनी मराठी कादंबरी शोधायची तर सुरुवात तिथून करावी. इंग्रजी कोझी आणि प्रेमकथा रद्दीवाल्यांकडं किलोवर मिळतात. पुण्याला कुणी चाललं असेल तर अप्पा बळवंत चौकाची यादी त्याच्या खिशात घालावी. जुनं पुस्तक घेताना शेवटचं पान आहे का ते आधी बघा (प्रश्न १६), मग किंमत विचारा. आणि आपल्याकडच्या जुलैत पुस्तकं भिंतीला टेकवून ठेवू नका, आठ दिवसांत बुरशी धरतात.

१२. मोबाईलवर पीडीएफ फिरते. ती पाठवू का?

नको. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. क्रिस्तीबाई १९७६ साली गेल्या, म्हणजे २०३६ संपेपर्यंत. खांडेकरही १९७६ सालचेच. कॉनन डॉयल १९३० साली गेले, त्यामुळं त्यांचा मूळ इंग्रजी शेरलॉक होम्स मोकळा आहे. पण कालपरवा केलेल्या मराठी भाषांतराचा हक्क भाषांतरकाराचा असतो, ते मोकळं धरू नका.

१३. ऐकलं तर वाचल्यासारखं धरायचं का?

धरायचं. भाकरी थापताना हात गुंतलेले, कान मोकळे. प्रेमकथा ऐकायला फार छान. रहस्यकथेत मागचं पान उलटता येत नाही म्हणून आमच्यातली एक जण संशयितांची नावं फ्रिजवर खडूनं लिहिते. तिच्याकडं आलेल्या प्लंबरनं एकदा विचारलं होतं, ही उधारीची यादी आहे का म्हणून.

१४. पुस्तकात खूनही आहे आणि प्रेमही. मग कुठल्या कप्प्यात?

खून काढून टाकला आणि गोष्ट उभी राहिली तर प्रेमकथा. प्रेम काढून टाकलं आणि उभी राहिली तर रहस्यकथा. दोन्ही काढून फक्त केकच्या पाककृती उरल्या तर अस्सल कोझी. काही कोझींत मागच्या पानांवर पाककृती खरंच छापलेल्या असतात. आम्ही एक करून बघितली, ओव्हनचं तापमान फॅरेनहाइटमध्ये आहे हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

आणि उलटा अपवाद: लेखिका कोझीची म्हणून प्रत्येक पुस्तक कोझी नसतं. प्रश्न ८ मध्ये नाव बदललेल्या ज्या कादंबरीचा उल्लेख आहे, ती बेटावर अडकलेल्या दहा माणसांची आहे. तीत प्वारोसारखा गुप्तहेर नाही, ऊब नाही. रात्री एकटीनं वाचायला घेऊ नका. पुढचं प्रश्न १० प्रमाणं सांगत नाही.

१५. घरात दुःख झालंय. अशा वेळी खुनाचं पुस्तक देणं बरं दिसतं का?

मलाही आधी वाटायचं, नाही. मग आमच्यातल्या एकीचे यजमान गेले. तेराव्यानंतर महिनाभरानं तिनं स्वतःहून रहस्यकथा मागितली. प्रेमकथा नको म्हणाली, दुसऱ्याचं जुळलेलं बघवत नव्हतं. चहा-खारीचा खून मात्र चालला, कारण तिथं का झालं याचं उत्तर शेवटी मिळतं. तेव्हापासून मी गृहीत धरत नाही, विचारते. लगेच विचारत नाही. आणि आजारानं किंवा अपघातानं कुणी गेलेलं असेल तर विषप्रयोगाची आणि गाडीच्या ब्रेकची पुस्तकं बाजूला ठेवते. क्रिस्तीबाईंनी पहिल्या महायुद्धात दवाखान्याच्या औषधविभागात काम केलं होतं, त्यामुळं त्यांच्याकडं विषाचे तपशील फार नेमके असतात.

१६. शेवटची पानं फाटलेली निघाली. आता?

वहीत बघायचं, दुसरी प्रत कुणाकडं आहे. कुणाकडंच नसेल तर वाचनालयात फोन करायचा. गेल्या पावसाळ्यात हे खरंच झालं. रात्री नऊ वाजता एकीचा फोन: सगळे संशयित दिवाणखान्यात जमलेत आणि पुढं पुठ्ठाच आहे. वाचनालयाची प्रत योगायोगानं शाहूपुरीतल्या अक्कांकडं होती. बाहेर धो धो पाऊस, मग अक्कांनीच फोनवरून शेवटची अकरा पानं वाचून दाखवली. मधे त्यांच्या कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. तिसरी व्हायच्या आत खुनी सापडला, आणि अक्का म्हणाल्या, "थांब, गॅस बंद करून येतो, मग तो का केलाय ते सांगतो."